प्रबंधकार आणि जुळारी

प्रबंध लिहिणे आणि प्रबंध जुळविणे ही एके काळी दोन माणसांची दोन कामे होती. लेखकाने मजकूर कागदावर उतरवावा, तो छापखान्यात द्यावा आणि जुळाऱ्याने पेटीच्या खणांतून खिळे उचलून त्याच्या ओळी बांधाव्या, अशी ती वाटणी होती. आणि दोघांच्या मध्ये प्रुफे तपासणारा उभा असे. संगणकाने ही वाटणी मोडली. आज पीएच. डी.चा विद्यार्थी स्वतःच लेखक, स्वतःच जुळारी आणि बहुधा स्वतःच मुद्रितशोधकही असतो. यांपैकी पहिल्या कामाचे शिक्षण त्याला विद्यापीठ देते, निदान देते असे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या कामाचे शिक्षण त्यास कोणत्या ग्रंथांतून मिळते, ते ग्रंथ शिकविण्याच्या दृष्टीने कसे आहेत, आणि मराठीत वा कोंकणीत प्रबंध लिहिणाऱ्याच्या पदरात त्यांतून काय पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्या साधनाविषयी हा विचार आहे त्याचे नाव टेक, आणि त्यावर उभारलेल्या सुलभ पद्धतीचे नाव लाटेक. मूळ नाव ग्रीक 'तेख्‌ने' या शब्दावरून घेतलेले असून त्या शब्दात कला आणि कारागिरी हे दोन्ही अर्थ आहेत. शेवटचा वर्ण खरे पाहता घशातून निघणाऱ्या ख-सारखा उच्चारावा, असा निर्मात्याचा आग्रह आहे; परंतु मराठी जिभेने त्याचा 'टेक' केला, आणि आपल्या भाषेत टेक म्हणजे आधार असल्यामुळे या अपभ्रंशाबद्दल खंत करण्याचे कारण नाही. हे साधन वापरणारा लेखक पानाकडे पाहून लिहीत नाही. तो साध्या मजकुराच्या धारिकेत लिहितो, आणि हे प्रकरणाचे शीर्षक, ही तळटीप, हे अवतरण, अशा खुणा उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञांनी करीत जातो. मग ती धारिका यंत्राच्या स्वाधीन करावयाची. यंत्र तीवरून पाने बांधून देते. जे दिसते तेच छापले जाईल अशा पद्धतीच्या साधनांची सवय झालेल्या माणसास हा प्रकार प्रथम विपरीत वाटतो. खिळ्यांच्या छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना मात्र तो विपरीत वाटू नये. हस्तलिखिताच्या समासात जुळाऱ्यासाठी खुणा करून देणे ही आपली जुनीच रीत आहे.

टेकचा जन्म एका ग्रंथकाराच्या असंतोषातून झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या संगणनशास्त्रावरील ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला, तो खिळ्यांच्या मोनोटाइप यंत्रावर जुळविलेला होता. पुढे छापखान्यांनी धातू टाकून प्रकाशाक्षरजुळणी पत्करली. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे कनूथ यांच्या हाती आली, तेव्हा गणिताची ती पाने पाहून त्यांना ती आपली म्हणवेनात. दुसरा कोणी प्रकाशकास एक कडक पत्र लिहून मोकळा झाला असता. यांनी आपले मुख्य लेखनच बाजूस ठेवले आणि अक्षरजुळणीचे शास्त्र नव्याने रचावयास घेतले. काम थोड्याच काळात उरकेल असा त्यांचा अंदाज होता. त्याला सुमारे दहा वर्षे लागली. १९७८ साली पहिले रूप आले, १९८२ साली ते सर्वस्वी नव्याने लिहिले गेले, आणि १९८६ साली या सर्व उद्योगाचे पाच खंड प्रसिद्ध झाले. या खंडांपैकी पहिला, 'टेकबुक', हा स्वतंत्र रूपाने १९८४ सालीच बाहेर पडला होता. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच मूळ ग्रंथ होय.

'टेकबुक'चे परीक्षण करताना एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. हा ग्रंथ आपल्या प्रस्तावनेतच वाचकास बजावतो की आपण सदैव सत्य सांगणार नाही. प्रारंभी सामान्य नियम सांगितले जातील, ते पुढे खोटे ठरतील, आणि तेव्हा अपवाद सांगण्यात येतील. कारण आधी सोपे असत्य समजले म्हणजे मग अवघड सत्य समजणे सुकर होते. पाश्चात्त्य समीक्षकांना यात विनोद दिसला, आणि तो आहेही. परंतु आपल्याकडील वाचकांस ही पद्धत अपरिचित नाही. अरुंधतीचा अंधुक तारा दाखवावयाचा तर प्रथम शेजारचा ठळक तारा दाखवून हीच अरुंधती असे सांगावे, दृष्टी तेथे स्थिर झाली की हळूच पलीकडे न्यावी, हा स्थूलारुंधतीन्याय. आणि आधी आरोप करून मग त्याचा अपवाद करणे ही तर वेदान्ताच्या अध्यापनाची ठरलेली वाट. कनूथ यांनी अवघड परिच्छेदांच्या समासात रस्त्यावरील धोक्याच्या वळणाची पाटी छापली आहे. एक पाटी असेल तर पहिल्या वाचनात तो भाग सोडावा. दोन असतील तर अधिकार असल्याखेरीज तेथे शिरू नये. अधिकारिभेदाची इतकी प्रामाणिक व्यवस्था आधुनिक पाठ्यग्रंथांत क्वचितच आढळते. ड्वेन बिबी यांनी काढलेला एक सिंह पानापानांतून हिंडत असतो, त्यामुळे शास्त्रग्रंथाचा धाक कमी होतो, हे वेगळेच.

दोषही सांगितले पाहिजेत. ग्रंथाची प्रकरणे सत्तावीस, आणि चुकांतून सावरावे कसे याचे स्वतंत्र प्रकरण सत्ताविसावे. सहाव्या प्रकरणात या विषयाची थोडी ओळख होते, हे खरे. पण नवशिक्याची पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी होते. एक महिरपी कंस बंद करावयाचा राहतो आणि यंत्र वीस ओळींची तक्रार नोंदविते, तीही अशा भाषेत की फिर्याद कोणाविरुद्ध आहे हेच कळू नये. न्यायालयात ज्या आरोपात स्थळ, काळ आणि कृत्य स्पष्ट नाही तो टिकत नाही. टेकचे आरोपपत्र ओळीचा आकडा देते, परंतु ती ओळ पुष्कळदा चूक झाल्याची नसून चूक ध्यानात आल्याची असते, आणि हा भेद कळेपर्यंत विद्यार्थ्याचे कित्येक दिवस जातात.

ग्रंथाचे खरे वैभव ओळी तोडण्याच्या प्रकरणात आहे. साधी यंत्रे एक ओळ भरली की दुसरी सुरू करतात. पुढच्या ओळीचे काय होईल याची त्यांना पर्वा नसते. कनूथ आणि त्यांचे सहकारी मायकेल प्लास यांनी १९८१ साली जी रीत मांडली तीत संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेतला जातो. शब्दांमधील मोकळी जागा ताणता आणि आवळता येण्याजोगी मानावयाची. ती प्रमाणाबाहेर ताणली वा आवळली तर त्या ओळीच्या नावे दोषांक टाकावयाचा. शब्द मध्येच तोडावा लागला तर निराळा दंड आकारावयाचा. आणि ज्या विभागणीत या साऱ्यांची बेरीज सर्वांत कमी येते ती मान्य करावयाची. त्यामुळे तिसऱ्या ओळीतील अडचण टाळण्यासाठी हे यंत्र पहिल्या ओळीत थोडी गैरसोय पत्करते. चांगला जुळारी हेच करीत असे. मात्र ते का करतो हे त्यास सांगता येत नसे. हाताच्या अंगी असलेले शहाणपण कनूथ यांनी नियमाच्या रूपात आणले, आणि ते आणताना जुळाऱ्याचा अवमान केला नाही. या प्रकरणास ग्रंथ म्हणून जी प्रतिष्ठा आहे ती या आदरामुळे आहे.

तथापि 'टेकबुक' वाचून प्रबंध लिहिणारे विद्यार्थी थोडेच. बहुसंख्य येतात ते लेस्ली लॅम्पर्ट यांच्या वाटेने. लॅम्पर्ट यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टेकवर लाटेकची रचना केली आणि १९८६ साली तिचा मार्गदर्शक ग्रंथ काढला. १९९४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. कनूथ यांच्या मानाने हे पुस्तक आटोपशीर आहे. त्याचा सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो: लेखकाने आशयाच्या रचनेचा विचार करावा, पानाच्या रूपाचा करू नये. मथळा ठळक करावा की तिरका, हा प्रश्न लेखकाचा नव्हे. त्याने हा मथळा आहे एवढेच सांगावे. रूप ठरविणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती न शिकलेला लेखक शोभेलाच सोय समजतो, असे लॅम्पर्ट यांचे म्हणणे.

या सिद्धान्ताची फळे गोड आहेत यात शंका नाही. एकच उदाहरण देतो. आमच्या व्यवसायात कलमांच्या क्रमांकांचा प्रश्न नित्याचा आहे. कायद्याच्या मध्यभागी नवे कलम घालावयाचे झाले तर पुढील सर्व क्रमांक सरकतात, आणि इतर कायद्यांतील व निकालपत्रांतील उल्लेख चुकीचे ठरतात. म्हणून विधिमंडळे क्रमांक सरकवीतच नाहीत. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आला तो अनुच्छेद २१क म्हणून आला. लाटेकने हीच अडचण दुसऱ्या बाजूने सोडविली. लेखकाने क्रमांक लिहावयाचाच नाही. प्रकरणास, कोष्टकास, तळटिपेस एक खाजगी नाव द्यावे आणि जेथे उल्लेख करावयाचा तेथे ते नाव लिहावे. पहिल्या फेरीत यंत्र कोणत्या नावास कोणता क्रमांक आला हे एका टिपणवहीत लिहून ठेवते, दुसऱ्या फेरीत त्या वहीवरून क्रमांक भरते. एकाच फेरीवर थांबणाऱ्या नवशिक्याला क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात आणि तो घाबरतो. चारशे पानांच्या प्रबंधात मार्गदर्शकांनी ऐन वेळी एक प्रकरण मध्ये घालावयास सांगितले तर या योजनेचे मोल कळते.

प्रश्न असा की हा सिद्धान्त आपणांस जसाच्या तसा लागू पडतो काय? लॅम्पर्ट ज्या लेखकास उद्देशून बोलतात त्याची भाषा इंग्रजी आहे. त्या भाषेच्या छपाईचे संकेत शतकानुशतके घडत आले. अक्षरांची रूपे, ओळीची लांबी, दोन ओळींमधील अंतर, शब्द कोठे तोडावा, सूचीत कोणता शब्द आधी यावा, हे सर्व त्या लेखकाच्या जन्मापूर्वीच ठरलेले आहे. म्हणून रूपाचा विचार करू नकोस, असे त्यास सांगता येते. तो दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवला आहे. मराठी प्रबंधकारास हेच सांगणे म्हणजे ज्या घराचा आराखडाच झालेला नाही त्या घरात सामानाची चिंता करू नकोस असे सांगणे होय. आपल्याकडेही एके काळी हा विचार करणारे कारागीर होते. जावजी दादाजी यांनी १८६९ साली स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाने देवनागरीचे एक रूप दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत ठसविले. देवघरातील स्तोत्रांच्या पुस्तकांमुळे ते आजही अनेकांना ओळखीचे आहे. बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथासारखे (१९७१) प्रयत्नही झाले. परंतु तो वारसा संगणकात आपोआप आलेला नाही. तो आणावा लागतो, आणि आणणारा बहुधा तोच असतो ज्याला आपला प्रबंध येत्या सत्रात सादर करावयाचा आहे.

आता तपशील पाहू. इंग्रजी पाठ वाचून शिकणारा विद्यार्थी ज्या यंत्राने आपली धारिका बांधतो ते बहुधा पीडीएफलाटेक असते, आणि त्यात देवनागरी मजकूर घातला की ते हटून बसते. त्याला झीलाटेक वा लुआलाटेक घ्यावे लागते, देवनागरीचा टंक नावाने सांगावा लागतो, आणि लिपी देवनागरी व भाषा मराठी अशा दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात. दुसरी नोंद पुष्कळ जण गाळतात, कारण ती गाळली तरी मजकूर उमटतोच. मात्र तो हिंदीच्या वळणाने उमटण्याचा संभव असतो. मराठीतील पाकळीचा ल आणि देठाचा श यांना युनिकोडमध्ये वेगळे स्थान नाही. तेच वर्ण, पण टंकात दोन रूपे असतील तर भाषेची नोंद पाहून त्यांतील एक निवडले जाते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना हीच रूपे मराठीची म्हणून सांगितली. तो शासननिर्णय पणजीत, बेळगावात वा इंदुरात बंधनकारक नाही, हे कायद्याच्या दृष्टीने उघड आहे. पण डोळ्याची सवय अधिकारक्षेत्र पाळीत नाही, आणि बृहन्महाराष्ट्रातील वाचकास 'लोक' हा शब्द हिंदी वळणाचा दिसला की आपण परक्या घरी आल्यासारखे वाटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न अर्ध्या र-चा. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांना मजुरी, हा भेद मराठी लिपी रफार आणि आडवा र यांनी दाखविते. यंत्रात दुसरे रूप हवे तर साधा र चालत नाही. नुक्त्याचा ऱ लिहून त्यास हलन्त करून य जोडावा लागतो. हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या प्रबंधात एखाद्या संस्थानाच्या आचार्यांनी स्वयंपाक केल्याची नोंद राहून जाईल. कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शकात हे सापडणार नाही, आणि सापडावे अशी अपेक्षाही रास्त नाही. ते आपण लिहावयाचे आहे.

शब्द तोडण्याचा विषय असाच. फ्रँक लियांग यांनी १९८३ साली नमुन्यांवरून शब्द तोडण्याची जी युक्ती दिली तिच्या आधारे संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय भाषांसाठी नमुने तयार केले. त्यांत मराठीचेही आहेत, आणि ते विनामूल्य मिळतात. या कार्याचे ऋण मान्य करूनच मर्यादा सांगावयाची. हे नमुने अक्षराची सीमा ओळखतात. काना, मात्रा वा जोडाक्षर मध्ये चिरले जात नाही. परंतु शब्दाची घडण ते ओळखत नाहीत. 'देवस्थानसमितीच्या' हा शब्द 'देवस्थान' येथे तुटला तर वाचक अडखळत नाही, 'देवस्थानस' येथे तुटला तर क्षणभर थांबतो. पोथी लिहिणारे अक्षर पुरेल तेथे ओळ तोडीत, कारण पोथी पठणासाठी असे आणि पाठकाला पुढचे अक्षर मुखोद्गत असे. प्रबंध कोणी मुखोद्गत करीत नाही. समासाच्या संधीवर शब्द तोडण्याचे मराठी नमुने करावयाचे तर त्यासाठी यंत्रज्ञ आणि वैयाकरण यांनी एकत्र बसले पाहिजे.

गोव्याच्या वाचकांस या साऱ्यात एक जुना पडसाद ऐकू येईल. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, आणि फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते मराठी भाषेत पण रोमन अक्षरांत. देवनागरी खिळे नव्हते. धर्मसत्तेच्या त्या काळाविषयी आपल्या मनात जे आहे ते आहे, परंतु खिळ्यांवाचून भाषेला दुसऱ्याचा अंगरखा घालावा लागतो हा धडा तेथे स्पष्ट दिसतो. ३७५ वर्षांनी, १९९१ साली, हॉलंडमधील फ्रान्स वेल्टहॉइस यांनी टेकसाठी देवनागरी सिद्ध केली, तेव्हाही लेखकाने मजकूर रोमन अक्षरांत लिहावयाचा आणि यंत्राने तो नागरीत उतरवावयाचा, अशीच व्यवस्था होती. संस्कृतज्ञांची तिने मोठी सोय केली; मराठीत विचार करून मराठीत लिहिणाऱ्यास ती कधी मानवली नसती. २००४ साली जोनाथन क्यू यांचे झीटेक आले आणि धारिकेत थेट नागरी लिहिता येऊ लागले. आज शोभिकेसारखा टंक मुंबईच्या आयआयटीतून विनामूल्य मिळतो. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून तो घडविलेला आहे. म्हणजे अडथळा आता खिळ्यांचा राहिलेला नाही, शिकण्याचा राहिला आहे.

आणि शिकणे चालते कसे? आधीच्या विद्यार्थ्याची धारिका मागून घ्यावयाची, तिच्या शिरोभागातील पन्नास-साठ ओळी तशाच ठेवावयाच्या आणि खाली आपला मजकूर ओतावयाचा. त्या ओळींतील कोणती कशासाठी आहे हे देणाऱ्यास माहीत नसते आणि घेणारा विचारीत नाही. अर्थ न जाणता वेद धारण करणाऱ्यास यास्काने भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली, ती येथे आठवते. तरी पाठांतराच्या परंपरेने निदान अक्षर शुद्ध राखले. येथे तेही राहत नाही, कारण प्रत्येक जण त्यात एखादी ओळ घालून पुढे देतो. 'लाटेकची फारशी लहान नसलेली ओळख' या अर्थाच्या नावाचे टोबियास ओटिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक पुस्तक विनामूल्य मिळते. इतक्या मिनिटांत लाटेक, असे त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलेले असते आणि तो मिनिटांचा आकडा आवृत्तीगणिक बदलतो. ते पुस्तक स्वच्छ आहे, मनमिळाऊ आहे. पण मराठी विद्यार्थ्यास त्या मिनिटांच्या पुढे जे काही महिने लागतात त्यांचा हिशेब त्यात नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. शब्दसंस्कारकात टंकलेखन करून घेणे सोपे आहे, आणि शंभर पानांच्या निबंधास ते पुरतेही. आमचा आग्रह सर्वांसाठी नाही. परंतु जुन्या खाजगी टंकांत जुळविलेल्या मराठी मजकुराचे काय होते ते पाहा. त्या टंकांत नागरी अक्षर हे केवळ सोंग असते. आत रोमन अक्षराचा क्रमांक असतो. कागदावर छापून घेतले तर वाचता येते, पण त्या पानातील शब्द उचलून दुसरीकडे ठेवला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते, आणि शोध घेतला तर शब्द सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि 'शोधगंगा' हे भांडार उभे राहिले. परंतु ज्या प्रबंधातील शब्द यंत्रास दिसत नाही तो त्या भांडारात असूनही शोधणाऱ्यास नसल्यासारखाच. लाटेकही येथे निर्दोष नाही. पीडीएफमधून नागरी मजकूर उचलताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात. खरा मजकूर पानासोबत आत ठेवण्याची सोय झीटेकमध्ये आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. एवढे मात्र खरे की मूळ धारिका साधा युनिकोड मजकूर असते. पीडीएफ बिघडला तरी ती वाचता येईल.

टिकाऊपणाविषयी कनूथ यांची निरवानिरव वकिलाच्या नजरेने वाचण्यासारखी आहे. १९९० साली त्यांनी जाहीर केले की टेकमध्ये नवे काही घालावयाचे नाही, केवळ चुका दुरुस्त करावयाच्या. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात पायच्या मूल्याचा पुढला अंक जोडला जातो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या निधनानंतर तो क्रमांक पाय इतकाच करावा, आणि जे दोष तेव्हा उरतील ते गुणच समजावे, अशी त्यांची इच्छा आहे. मिळकतीत कोणी बदल करू नये, करावयाचा तर दुसऱ्या नावाने करावा, ही अट त्यांनी घातली आणि जगाने ती पाळली. म्हणूनच नवी साधने झीटेक, लुआटेक अशा निराळ्या नावांनी आली.

आपल्या वाचकवर्गाच्या जवळचे एक उदाहरण घेऊ. गोमंतकातील देवस्थानांच्या महाजनी व्यवस्थेवर कोणी प्रबंध लिहावयास घेतला तर त्यास १९३३ ची पोर्तुगीज नियमावली मूळ भाषेतून उद्धृत करावी लागेल, तिच्या नासिक्य स्वरांवरील चिन्हांसह. जुने कागद मोडीत असतील. मोडीस युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. विवेचन मराठीत असेल, वृद्ध महाजनांची निवेदने कोंकणीत असतील, न्यायालयाचे निकाल इंग्रजीत. पोर्तुगीज शब्द पोर्तुगीज नियमाने तुटला पाहिजे, नागरी शब्द नागरीच्या. दोन ओळींमधील अंतरही वाढवावे लागेल, कारण इंग्रजीस पुरणाऱ्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. प्रत्येक भाषेची नोंद स्वतंत्र करून हे सर्व एका धारिकेत ज्या निगुतीने लाटेकमध्ये होते तितके दुसऱ्या विनामूल्य साधनात होत असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि अशा प्रबंधावर उद्या एखाद्या दाव्यात भिस्त ठेवली जाईल, तेव्हा तळटिपेचा क्रमांक चुकलेला असून चालणार नाही.

अशा प्रबंधाच्या शेवटी सूची हवीच, आणि सर्वांत अपुरे काम येथे आहे. लाटेकसोबत येणारे मूळ सूचीकार यंत्र युनिकोडच्या क्रमांकाने शब्द लावते. त्या क्रमांकांत ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. म्हणून यंत्राच्या सूचीत 'काल', 'काळ', 'कावड' असा क्रम लागेल. वर्णमाला पाठ असलेला वाचक 'काळ' शोधावयास 'काहिली'च्या पुढे जाईल आणि तो शब्द तेथे नसेल. क्ष आणि ज्ञ यांनाही यंत्र जोडाक्षरे समजून क आणि ज यांच्या पोटात घालते. 'क्षेत्र', 'क्षेत्रपाल', 'ज्ञाति' हे शब्द ज्या प्रबंधात पानोपानी येतात त्याच्या वाचकाने ते कोठे पाहावे? क्रम निराळा हवा असेल तर तो यंत्रास सांगता येतो. त्यासाठी नियमांची एक छोटी धारिका लिहावी लागते. अनेक विद्यापीठांची प्रबंधविषयक पत्रके इंग्रजी टंकाचे नाव, त्याचा आकार आणि समासाचे इंच सांगतात. ळ कोठे बसवावा हे त्यांपैकी एखाद्याने सांगितले, तर ती धारिका एका संध्याकाळचे काम आहे.